कच्चा दोरा

६ जानेवारी

ताई,

फोन केला असता, पण तुला ऐकू जावं म्हणून जेवढं ओरडावं लागतं, तेवढं ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. भिंतीपलीकडे उस्तादांची खोली आहे. म्हणून पत्र. अक्षर बघून दचकू नकोस. पेनला स्पंज गुंडाळलाय, तरी ते हातातून निसटतंय.

माझे हात गेले, ताई. म्हणजे आहेत जागेवर, पण माझे राहिले नाहीत. गेलं वर्षभर झोपेत मुंग्या येतात, जाग येते, आणि मी अंथरुणात बसून हात झटकत राहते. उजवा जास्त वाईट. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि पुढच्या बोटाची अर्धी बाजू बधिर. परवा कप पडला तेव्हा तो पडलाय हे मला आवाजावरून कळलं. करंगळी तेवढी शाबूत आहे. पाचांत एकच इमानी निघाली, आणि तीही सगळ्यांत धाकटी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबलीये. "काम काय करता?" म्हटलं, घोड्यावर बसते. त्या म्हणाल्या, "मग त्यात हातांवर एवढा ताण कसा?" आता त्यांना काय सांगू? बसायला हात लागत नाहीत, घोड्याशी बोलायला लागतात. असो. ऑपरेशन छोटंसं आहे म्हणे. पण दोन महिने लगाम हातात धरायचा नाही.

आणि अडथळ्यांवरच्या उड्यांची निवडचाचणी मार्चमध्ये. उस्तादांनी साफ सांगितलंय, निवडीत मखमलवर जी बसेल, घोडी पुढे तिची. त्यांच्या तालमीतली नवी मुलगी टपूनच आहे. ताई, मखमल तीन वर्षांची होती तेव्हा तिच्या पाठीवर कुणाला साधा टॉवेल ठेवता येत नव्हता. मी ठेवला. खोगीर ठेवलं. पहिल्यांदा पाठीवर बसले तीही मीच. सहा वर्षं वाढवलेली घोडी मी त्या पोरीच्या हातात देऊ?

वर मखमलचंही डोकं फिरलंय. पूर्वी करंगळीच्या इशाऱ्यावर वळायची. आता ओढते, मान झटकते, तोंड दगडासारखं करते. दुष्काळात तेरावा महिना.

आता काम सांगते. माझ्या लगामाच्या दोन्ही पट्ट्यांना आतल्या बाजूने चामड्याची कडी शिवून दे. हात आत सरकवला की बोटं न आवळता धरता येईल अशी. रंग तोच हवा, लांबून दिसता कामा नये. आणि ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. तुला माझी शपथ.

तुझी,
चिंगी

१४ जानेवारी

चिंगे,

पत्र वाचलं. आधी चष्मा लावून, मग डोक्यात राख घालून.

कडी म्हणतेस त्याला माझ्या धंद्यात फास म्हणतात. रिकिबीचा पट्टा आपण खोगिराला मागून उघडा का ठेवतो? स्वार पडला तर पट्टा निसटून यावा, पाय अडकून माणूस फरफटत जाऊ नये म्हणून. आम्हा खोगीर शिवणाऱ्यांना दोनच गोष्टी कळाव्या लागतात. काय धरून राहायला पाहिजे आणि काय वेळेवर सुटायला पाहिजे. आणि तू मला सांगतेस, जे सुटायला पाहिजे तेच पक्कं बांधून दे. पडलीस तर हात सोडवायला बोटं लागतील. तीच तुझी झोपलेली. मग काय करशील, करंगळीने सोडवशील?

माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं एक खोगीर अजून फळीवर पडून आहे. त्याचा मालक न्यायला आला नाही. का आला नाही ते तुला ठाऊक आहे, तो फरफटत गेल्याची बातमी तूच मला सांगितली होतीस. मी काही ते दुसऱ्याला विकत नाही.

ऑपरेशन करून घे. मी येते पंधरा दिवस. तुझी वेणी घालीन, भरवीन, शिव्याही देईन. घोडी नसली तर दुसरी घोडी. हात काय दुसरे मिळणार आहेत?

ताई

२१ जानेवारी

ताई,

"घोडी नसली तर दुसरी घोडी." हे तू लिहिलंस? तूच? चामडं टोचायची तुझी जुनी आरी मोडली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस तू. मूठ हाताला बसलेली होती म्हणे. मी तेव्हा "दुसरी घे" म्हटलं होतं का?

ठीक आहे. नको शिवूस. काल मी बँडेजच्या पट्टीने लगाम सरळ मनगटाला बांधून बसले. दोन गाठी. दाताने आवळल्या. छान बसल्या. उस्तादांना वाटलं हात मुरगळलाय म्हणून पट्टी आहे. निवडीपर्यंत असंच चालवीन. तुझ्या कडीतून हात निदान मागे ओढून तरी काढता आला असता, या गाठींतून तोही निघत नाही. पण तुझं तत्त्व सांभाळलं गेलं ना, मग झालं.

आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, मी तुझी रक्ताची मावशी नाही म्हणून काय झालं, मी आहे. मी ते खरं मानून चालले होते. माझंच चुकलं.

चिंगी

२ फेब्रुवारी

चिंगे,

पार्सल पाठवते. लगाम नवाच केलाय, कडी दोन्ही बाजूंना आतून. रंग जुळलाय.

त्या पट्ट्या आजच्या आज जाळ. शिवण कुणाला उसवू देऊ नकोस, कुणाकडून पुन्हा टाके घालून घेऊ नकोस. काही सैल वाटलं तर मलाच परत पाठव. निवड झाली की दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. तारीख घेतल्याचं कळव.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

मागच्या पत्रात जे बोलले ते गिळून टाकते. कशी लावलीस ग ती कडी? हातमोज्यात हात जावा तसा सरकतो. बोटं आवळावी लागत नाहीत, खांद्यातून धरता येतं. काल पूर्ण फेरी मारली, सगळे अडथळे, एकही दांडा पडला नाही. उस्ताद म्हणाले, "आता पूर्वीसारखी बसतेस." ते असं कधी म्हणत नाहीत, ठाऊक आहे ना? कुणी चांगलं केलं तर ते नुसतं नाक शिंकरतात.

नवी मुलगी कठड्यावर बसून बघत होती. बघू दे.

मखमल मात्र सुधारत नाही. अडथळ्याकडे जाताना मान वर टाकते, दात करकर वाजवते. खोगीर घालताना पूर्वी डोकं माझ्या खांद्यावर ठेवायची, आता मला बघून कोपऱ्यात जाते. तिच्या तोंडपट्ट्याला मी आणखी एक भोक पाडून तो घट्ट केलाय, म्हणजे तोंड उघडून नखरे करणार नाही. सहा वर्षं जिला हाताने भरवलं ती अशी उलटते, मग माणसांना काय नावं ठेवायची? तुझ्यापाशी बोलते, बाकी कुणापाशी बोलत नाही. हात उलटले, घोडी उलटली. तू तेवढी आहेस.

तारीख घेतलीये. मार्चचा शेवटचा आठवडा. तू म्हणशील त्या दिवशी ये, आणि तुझ्या शिव्या बरोबर आण.

तुझीच,
चिंगी

१२ मार्च

ताई,

निवड झाली. मी हरले. कशी हरले ते तुला सांगायची खरं तर गरज नसावी, पण लिहिते.

शेवटून तिसरा अडथळा. तोवर सगळं स्वच्छ. मखमल ओढत होती, मी धरून होते. वळणावर उजव्या हाताला एकदम हलकं वाटलं. खाली बघितलं तर कडी लगामावरून सुटून माझ्या मनगटात लोंबत होती. उजवा लगाम गेला, डाव्याची ओढ राहिली, आणि मखमल डावीकडून अडथळा चुकवून सरळ कठड्यापर्यंत गेली. मी पडलेसुद्धा नाही. पडले असते तर बरं झालं असतं, लोक निदान बिचारी तरी म्हणाले असते. लोक हसले.

उस्तादांनी लगाम हातात घेतला, कडी बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हात इतके गेलेत, आणि मला सांगितलं नाहीस?" एवढंच. मग लगाम कठड्यावर ठेवला आणि नव्या मुलीला म्हणाले, "उद्यापासून तू."

घरी येऊन मी दिव्याखाली ती शिवण बघितली. ताई, तुझ्या शिवणीला हत्ती जुंपला तरी टाका हलत नाही, असं तूच गिऱ्हाइकांना सांगतेस ना? दुहेरी मेणवलेला दोरा, टाक्यामागे गाठ. माझ्या लहानपणी तुझ्या दुकानात बसून मीच मेण लावायचे त्याला. इथे काय निघालं? एकेरी. गादीच्या अस्तराला वापरतेस तो. वरून मेण चोळून काळा केलेला, म्हणजे कळू नये. माझी बोटं धड असती तर पार्सल उघडल्याबरोबर अंगठ्याने ओळखला असता मी. तुला ठाऊक होतं मला ओळखता येणार नाही. आंधळ्याच्या ताटात खडे वाढावेत तसं केलंस.

"कुणाला उसवू देऊ नकोस." आता कळलं.

उस्ताद तुझं जुनं गिऱ्हाईक. वर्षाला किती खोगिरं घेतात तुझ्याकडून? त्यांनी सांगितलं का? की तुलाच वाटलं, चिंगीचं वय झालं, हिला आता बाजूला केलेलं बरं? "नाही शिवत" म्हणून ठाम राहिली असतीस तर मी रडले असते, चिडले असते, पण तुला मानलं असतं. तू हो म्हटलंस आणि केसाने गळा कापलास.

ऑपरेशनला येऊ नकोस. करायचं की नाही ते माझं मी बघीन.

—

२१ मार्च

चिंगे,

खाली नावसुद्धा घातलं नाहीस. ठीक.

हो, दोरा कच्चा होता. मीच घातला, जाणूनबुजून, आणि तुला कळू नये म्हणून मेण चोळलं. उस्तादांचा काही संबंध नाही. त्यांना मी एका अक्षराने बोललेले नाही. तू शपथ घातली होतीस, तेवढी पाळली. बाकी फसवलं, ते कबूल.

तू नाक दाबलंस ग माझं. बँडेजच्या गाठी, त्याही दाताने आवळलेल्या. नाही म्हटलं असतं तर तू बांधून बसली असतीस, आणि घेतलेला हट्ट तू सोडत नाहीस हे तुझ्या आईलाही ठाऊक होतं. आणि पक्की कडी शिवून दिली असती, आणि उद्या कुणी येऊन सांगितलं असतं की चिंगी फरफटत गेली, शिवण काही तुटली नाही, तर मी तो हात कुठे ठेवला असता? माझ्याकडून माझ्याच हाताने फास शिवून मागितलास, तेव्हा माझा विचार केलास? फसवणूक मी केली, मान्य. पण पहिली विटी तूच मारलीस.

आता नीट वाच, कारण राग मला पोचलाय, पुढचं महत्त्वाचं आहे.

मी दोरा असातसा घातला नव्हता. कडी शिवून ती आढ्याच्या हुकाला लावली आणि खाली पाण्याने भरलेल्या दोन बादल्या टांगल्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. धरलं. बादल्यांना धक्का देऊन बघितला. धरलं. मग मी स्वतः लोंबकळले, तेव्हा तुटलं. मला तेच हवं होतं. माणूस पडला तर तुटावं, नुसत्या लगामाच्या ओढीने तुटू नये. घोड्याच्या तोंडावर दोन बादल्या कोण टांगतं? तूच मला शिकवलंस, लगाम कसा धरायचा. चिमणीचं पिल्लू हातात असावं तसा, म्हणायचीस. मी त्या हिशेबाने शिवलं होतं, ज्या हाताने तू पूर्वी धरायचीस त्या हाताच्या.

तुझं पत्र आल्यावर मला वाटलं, दोराच सडका निघाला असेल. त्याच रिळातला घेऊन पुन्हा तशीच कडी शिवली, पुन्हा बादल्या टांगल्या. आज चौथा दिवस आहे. खालून जाताना माझंच डोकं आपटतं त्यांना. तुटत नाही.

चिंगे, तू पडली नव्हतीस. मग तो तुटला कशाने?

मला बोलवत नाही हे, पण तूच लिहिलंयस सगळं, मी फक्त पत्रं पुन्हा वाचली. मान वर टाकते. दात वाजवते. तुला बघून कोपऱ्यात जाते. वर तू तोंडपट्टा घट्ट केलास. बोटांना कळत नाही म्हणून खांद्याने धरतेस, आणि खांद्याला काय कळतं किती ओढलं ते? त्यात माझाही हात आहे. कडी नसती तर लगाम बोटांतून निसटला तरी असता. मी तुझा जीव वाचवायचा बघत बसले, घोडीचं तोंड माझ्या डोक्यातच आलं नाही.

जा आणि तिच्या ओठांचे कोपरे बघ. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

ताई

११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं आणि मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. बघायला गेले नाही. आठवडाभर तुलाच मनात शिव्या देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू सरळ लिहिलं असतंस तर सोपं गेलं असतं, मी कागद फाडला असता. पण त्या बादल्या काही डोक्यातून जाईनात.

मग गेले. आधी मैदानावरच थांबले. नवी मुलगी मखमलला गोल फिरवत होती. ताई, ती मुलगी काही ग्रेट बसत नाही. पाय हलतात तिचे. पण मखमल मान खाली टाकून, कान सैल सोडून, पाण्यासारखी चालली होती. मला इतका संताप आला. माझ्याशी वैर आणि हिच्याशी गोडी! तिथूनच परत फिरणार होते. मुलीने हाक मारली, "दीदी, हिला तुमची आठवण येत असेल, या ना." खोटं बोलली पोरगी, चांगल्या मनाने.

तबेल्यात गेले. मला बघताच मखमलने डोकं एकदम छताकडे नेलं आणि मागे सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. मी उभीच राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोकं खाली घेतलं. ओठाच्या कोपऱ्यात मी अंगठा घातला, मला काही कळलं नाही. डोळ्यांनाही नुसती गुलाबी कातडी दिसली. मग करंगळी घातली. करंगळीला कळलं. उजव्या बाजूला आत एक कड आहे, जाड, खडबडीत, भरत आलेल्या जखमेसारखी. तिच्यावर बोट पडलं तशी मखमल थरथरली. डाव्या बाजूला आहे, पण कमी. माझा उजवा हात जास्त गेलाय ना.

मुलगी म्हणाली, उस्तादांनी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. घोडीच्या तोंडात लोखंडाऐवजी घालायला तिला मऊ रबराची दांडी दिली आणि सांगितलं, जखम भरेपर्यंत लगाम नुसता लोंबता ठेव. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते मी विचारलं. नाक शिंकरून म्हणाले, "तुला हाताचं दुःख कमी होतं का?"

मी तुला लिहीत होते की ती उलटली. सहा वर्षं हाताने भरवलं आणि उलटली. ती रोज मला सांगत होती ग, मान झटकून, दात वाजवून, आणि मी ऐकू येऊ नये म्हणून तिचं तोंड आवळलं. तिला दुसरं कोण होतं सांगायला? तुझ्यावर मी विश्वास टाकला होता, तू फसवलंस, म्हणून मी नाव न घालता पत्र धाडलं. तिने कुणाला पत्र धाडावं?

ऑपरेशन झालं, परवा. आधी उजवा. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय, म्हणून असं मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतंय. मुलगी आली होती बरोबर. तुला बोलावलं नाही. राग गेला म्हणून लिहिते आहे असं समजू नकोस. गेलेला नाही. पिठाच्या डब्याशी गेले की अजून तो काळा दोरा आठवतो, आणि तू मेण चोळत बसली होतीस हे आठवतं. तू बरोबर होतीस हे मला कळतं, पण त्याने काही बरं वाटत नाही. तुला खरं तेच लिहिते.

मखमल मुलीकडेच राहील. उस्ताद म्हणाले, हात बरे झाले तर पुढे एखाद्या म्हाताऱ्या, शांत घोड्यावर बघू. म्हाताऱ्याचंही तोंड तोंडच असतं. टाके निघाल्यावर बोटं जागी होतील, किती होतील, कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नस फार दिवस दबलेली होती.

म्हणून एक काम सांगते. तुटलेली कडी या पाकिटात घातलीये, दोरा बघून घे. मला नवा लगाम शिवून हवा. कडी नको. नुसता साधा पट्टा, पण घोड्याच्या तोंडातल्या लोखंडाला जोडतो तिथली शिवण त्याच एकेरी दोऱ्याने घाल. दोन बादल्या फार होतात. एक तांब्या टांगून बघ आणि त्याहून थोडं जास्त झालं की तुटेल असा शिव. भर मैदानात तुटला तरी चालेल, लोक हसले तरी चालेल. माझ्या हाताला कळलं नाही तर दोऱ्याला तरी कळायला हवं.

आणि या वेळी मेण चोळू नकोस. पांढराच राहू दे, मला दिसू दे.

चिंगी